पार्सल आलं वं!

आमच्या घराला पार्सलची सवय मोबाईलच्या फार आधीची आहे. माझे सासरे बाळापूर तालुक्यात मास्तर होते. पुस्तकं, भिंतीवरचं घड्याळ, बॅटरीवर चालणारा रेडिओ, असं बरंच काही त्यांनी व्ही.पी.नं मागवलेलं होतं. वर्तमानपत्रातली जाहिरात कापून ठेवायची, पोस्टकार्ड टाकायचं आणि वाट पाहायची. पोस्टमन पैसे मोजून घेतल्याशिवाय डबा हाती देत नसे. टपाल खात्याची ही सोय १८७७ सालची. त्यामुळे फ्लिपकार्टनं २०१० मध्ये 'आधी माल, मग पैसे' सुरू केलं, त्याचं कौतुक आमच्या सासूबाईंना कधी वाटलंच नाही. "पयले पोस्टमन आने, आता हे पोट्टं आनते. यात नवं काय हाये?"

नवं होतं ते वाट पाहण्यात. रेडिओ मागवला उन्हाळ्यात आणि आला पोळ्याला, असं त्या सांगतात, आणि तेही तक्रार म्हणून नाही. माझा मुलगा मात्र परवा मागवलेली वस्तू आज दारात नसेल तर मोबाईल हातात घेऊन तिचा माग काढत बसतो. भिवंडीहून निघाली, भुसावळ ओलांडलं, आता अकोल्यावरून थेट नागपूरला गेली. तिथून ती मागे येणार. आपल्याच गावावरून आपली वस्तू पुढे निघून जाते आणि दोन दिवसांनी परत येते, हे सासूबाईंना काही केल्या पटत नाही. मलाही पटलेलं नाही, पण मी बोलत नाही.

आमचं घर कौलखेडला आहे. अकोल्यात पत्ता हा घराच्या क्रमांकावर चालत नाही. पाण्याच्या टाकीमागे, मारुतीच्या मंदिरावरून डावीकडे, पिवळ्या फाटकाचं घर, असं सांगावं लागतं. मोबाईलमधला नकाशा आम्हाला हटकून शेजारच्या लेआउटमध्ये नेऊन बसवतो. मग फोन येतो, "मॅडम, मंदिरापाशी उभा हावो, आता कोठी येऊ?" मे महिन्यात हा फोन भर दुपारी येतो. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसणारा पोरगा फाटकात उभा असतो. पाठीवरच्या थैल्यात कुणाचे बूट, कुणाचं बाळंतविड्याचं सामान. सासूबाई आधी माठातलं पाणी देतात, मग गाव विचारतात. पातूर म्हणाला तर पातूरचे पाहुणे निघतात, बार्शीटाकळी म्हणाला तर तिकडचे. त्या पोराला पुढची पंधरा-वीस घरं करायची असतात हे त्यांना कळतं, पण गाव न विचारता माणूस दारातून पाठवायचा कसा, हेही आहेच.

ओटीपीचं मात्र त्यांचं आणि त्या पोरांचं जमलं नाही. बँकेतल्या साहेबानं त्यांना बजावून सांगितलेलं, की मोबाईलवर आलेला नंबर सख्ख्या भावालाही सांगू नका. आणि इथे तर अनोळखी पोरगा दारात उभा राहून तोच नंबर मागतो. घरात त्या एकट्या होत्या त्या दिवशी त्यांनी फाटकाच्या आतूनच सांगितलं, "आंगठा घे, सही घे, पन नंबर काई मी सांगत नाई." पार्सल परत गेलं. मुलगा चिडला. माझं मत विचाराल तर त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. एका तोंडानं नंबर सांगू नका म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडानं सांगितल्याशिवाय माल देत नाही म्हणायचं, यात म्हाताऱ्या माणसानं ओळखायचं काय?

येतं काय काय, ते अकोल्यात राहणाऱ्याला सांगायला नको. महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी आमच्या नळाला काही दिवसांआड येतं, म्हणून पाणी साठवायच्या टाक्यांची झाकणं, तोट्या, पाइप. उन्हाळ्यासाठी कूलरचा पंप आणि गवताऐवजी बसवायच्या जाळीच्या पट्ट्या. पण खरं सांगायचं तर कूलरचा पंप मे महिन्यात जळतो, आणि जळला की तो तासाभरात हवा असतो. तिथे परवाची तारीख काही कामाची नाही. त्यासाठी गाडी काढून गावातलं दुकानच गाठावं लागतं. एकदा मी लोखंडी कढई मागवली. चित्रात चांगली पाहुण्यारावळ्यांची भाजी होईल अशी दिसत होती. आली ती भातुकलीतली. परत न्यायला कुणी येईना, शेवटी सासूबाईंनी तिच्यात देवाजवळचं कापूर-धूप ठेवायला सुरुवात केली.

पण आमच्या घरी सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गोवऱ्यांच्या पार्सलची.

झालं असं, की लेक पुण्याहून आली होती आणि तिला रोडगे खायचे होते. रोडगे म्हणजे वऱ्हाडातलं शेतातलं जेवण. मारुतीपुढे नाहीतर एखाद्या देवस्थानाच्या आवारात नवस फेडायला करतात. जाडसर दळलेली गव्हाची कणीक, तिच्या एकात एक तेल लावलेल्या पाऱ्या, वरून गोळा बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवायचा. बाहेरून काळाठिक्कर होतो, राख झटकली की आतून पदर सुटलेला, भुसभुशीत. तो फोडून त्यावर तूप, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. वांग्याची भाजी गॅसवर होते, रोडगा होत नाही. आम्ही गच्चीवर बेत ठरवला. प्रश्न गोवऱ्यांचा. एके काळी कौलखेड हे गावच होतं, दर चार घरांमागे गोठा. आता तिथे चार-चार मजली इमारती आहेत.

"थांबा," मुलगा म्हणाला आणि त्यानं मोबाईल काढला.

गोवऱ्या ऑनलाइन मिळतात ही काही आता बातमी राहिलेली नाही. २०१५ च्या शेवटी परदेशी वर्तमानपत्रांनी त्यावर मोठ्या कुतूहलानं लिहिलं होतं. दूर शहरात राहणारे, होम-हवनाला गोवरी न मिळणारे लोक त्या मागवत होते. जानेवारी २०२१ मध्ये तर ॲमेझॉनवरच्या गोवरीच्या पाकिटाखाली एका गिऱ्हाइकानं, आपण ती खाऊन पाहिली आणि चव अगदीच वाईट निघाली, असं लिहिलं आणि त्याचं ते लिहिणं देशभर फिरलं. आम्ही ते वाचून हसलो होतो. आता आमच्याच दारात खोकं आलं.

खोक्यात फुगे-फुगे असलेला प्लॅस्टिकचा कागद, त्याच्या आत पारदर्शक पिशवी आणि पिशवीत बशीएवढ्या, एकसारख्या गोल, पातळ गोवऱ्या. वर छापील चिठ्ठी, शुद्ध, हवनासाठी. सासूबाईंनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्यांचं आयुष्य शेण थापण्यात गेलं आहे. "बाप्पा! गोवरीले कपडे घातले!" मग एक बाहेर काढून, वाकवून पाहून निकाल दिला, "पोयीसारख्या थापल्या. याच्यात रोडगा काय, पापडबी भाजनार नाई."

तसंच होतं. रोडग्याच्या गोवरीत भुसा-काडीकचरा भरपूर असतो, ती जाड असते, बोटं उमटलेली असते. ती भडकून जळत नाही, सावकाश धुमसते, आणि तिचा निखारा तासभर टिकतो. हवनाची गोवरी भुर्रकन पेटते आणि विझते, कारण तिचं काम तेवढंच. शेवटी दूध घालायला येणाऱ्या भाऊंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कॅनच्या शेजारी पोतं बांधून आलं. भाऊंनी पैसे घेतले नाहीत, रोडगा मागितला. खोक्यातल्या गोवऱ्या आम्ही होळीला वापरल्या.

त्या दिवशी लेकीनं निखाऱ्यांचं चित्रण केलं आणि रात्रीपर्यंत तिच्या पुण्यातल्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले, हे कुठे मिळतं म्हणून. आमच्या भागातल्या खाण्याचं सध्या असंच झालं आहे. कुठल्या कोपऱ्यात कोण काय विकतं ते आठवड्याभरात राज्यभर माहीत होतं. अमरावतीला बहिणीकडे गेले होते तेव्हा भाच्यानं आलूपोंगा खायला नेलं. पिवळे पोकळ पोंगे दहाही बोटांत टोप्यांसारखे घालायचे, तिखटजाळ आलूच्या मसाल्यात बोटं बुडवायची आणि एकेक बोट तोंडात. शाळेसमोरचा पोरांचा चाळा आहे हा. पण तिथे बाहेरगावची मोठी माणसं मोबाईल उभा धरून रांगेत होती. मला विचाराल तर अमरावतीला जाऊन दह्यातला गिला वडा सोडून पोंगे खाणं हा वेळेचा अपव्यय आहे.

शेगाव कचोरीला असल्या कशाची गरज पडली नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी ती शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी ती देशभर पोचवली. पारस-गायगाव मागे पडेपर्यंत डब्यात वास दरवळत असतो. डाळीचं कोरडं, तिखट सारण, चपटा आकार, सोबत तळलेली हिरवी मिरची. चटणी नाही, दही नाही, म्हणून ती प्रवासात टिकते. आता ती पुण्या-मुंबईत दुकानांतून मिळते. लेक म्हणते, चव तीच आहे. असेलही. पण आमच्याकडे कचोरी ही खिडकीतून हात बाहेर काढून घ्यायची वस्तू आहे.

आम्ही अकोलेकर नुसतं मागवतो असं नाही, पाठवतोही. लेक पुण्याला गेली तेव्हापासून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तिचे डबे जातात. ड्रायव्हरच्या हातात शंभराची नोट, डब्यावर मार्करनं फोन नंबर, आणि सकाळी ती वाकडला उभी. आधी तिच्यापुरतं जाई. मग मैत्रिणींसाठी मुंगवड्या, धापोडे, कुरडया, सरगुंडे. त्यातल्या सरगुंड्यांनी पुण्यात नाव काढलं.

सरगुंडे करताना पाहण्यासारखे असतात. गव्हाचा घट्ट भिजवलेला गोळा हातावर वळत त्याची बारीक दोरी काढायची आणि ती पातळ काडीवर शेजारी-शेजारी गुंडाळत न्यायची. काडी हळूच ओढून घेतली की आतून पोकळ, बाहेरून वेढ्यांची नळी उरते. वाळवायची, आणि खायच्या वेळी उकडून आमरसात घालायची. वेढ्यावेढ्यात रस शिरतो. जावई आला की, धोंड्याच्या महिन्यात, आमरसाच्या पंगतीला, असा त्यांचा मान. लेकीच्या मैत्रिणींनी एकमुखानं ठरवलं, हा वऱ्हाडी पास्ता आहे. सासूबाईंना पास्ता माहीत नव्हता. मला माहीत होता आणि मला तेव्हा थोडा रागच आला होता.

नंतर माहिती काढली, तर पोरी अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. आमच्याकडे कुरडया, शेवया, सरगुंडे करायला जुन्या बायका बन्सी गहू मागतात. बन्सी हा ड्युरम जातीचा, कठीण, पिवळसर दाण्याचा गहू. विदर्भात तो कोरडवाहू जमिनीत, ओलीवर होतो. इटलीत सुका पास्ता याच जातीच्या गव्हाचा करतात, तसा कायदाच तिथे १९६७ पासून आहे. कारण तेच, जे आमच्या बायका बोलून दाखवतात. दोरी काढताना तुटत नाही, उकळत्या पाण्यात फुटत नाही, गिचका होत नाही. आता बाजारात पोळीसाठी लोकवन घेतात, बन्सी शोधावा लागतो. नेहमीच्या गव्हाचे सरगुंडे दिसायला छान होतात आणि पातेल्यात त्यांची खीर होते.

ज्वारीचं तर आणखी वेगळं. माझ्या लहानपणी वऱ्हाडात पऱ्हाटी आणि ज्वारी हीच खरिपाची दोन पिकं, भाकर ज्वारीचीच. सोयाबीन आलं आणि ज्वारीची शेतं दिसेनाशी झाली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे, त्याच्या आसपासच्या गावांत ज्वारी विकत आणून खातात. मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं आणि ज्वारीचं मिलेट झालं. पुण्यात एका दुकानात लेकीनं धापोड्यांसारखे दिसणारे ज्वारीचे चिप्स पाहिले आणि पाकिटाचा फोटो पाठवला. पाकिटावरची किंमत वाचून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढ्यात तं आमी पोतंभर ज्वारी घेतली असती."

धापोड्यांची मेहनत त्या पाकिटावर लिहिलेली नसते. ज्वारीचं आंबवलेलं पीठ पहाटे शिजवायचं, तीळ-जिरं-मीठ घालायचं, गरम असतानाच ओल्या कापडावर पळीनं पातळ फिरवायचं. वाळलं की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक अलगद सोडवायचा. घालायचं काम ऊन तापायच्या आत, नाहीतर हात-पाय भाजतात. पण ऊन हवंच असतं. पुण्यात लेकीनं करून पाहिले, दोन दिवसांत वाळले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरली. अकोल्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळी घातलेले धापोडे संध्याकाळी डब्यात भरता येतात. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे कलम १४४ लागू झालं होतं. भर उन्हात खासगी शिकवण्या घ्यायला बंदी होती, मजुरांना सावली-पाणी द्या असे आदेश होते. बाहेरच्या राज्यांतून नातेवाइकांचे काळजीचे फोन येत होते, आणि आमच्या ओळीतल्या गच्च्यांवर एकही मोकळा कोपरा नव्हता, सगळीकडे कुरडया-धापोडे पसरलेले. त्या उन्हाचं काही करता येत नसेल तर निदान वाळवण तरी करून घ्या, असा इथला हिशेब.

आमच्या घरी आता एवढं सगळं होत नाही. सासूबाईंना गच्ची चढवत नाही आणि माझे गुडघे कुरकुरतात. डिसेंबरच्या शेवटी, पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास, कृषी विद्यापीठाच्या मैदानावर ॲग्रोटेक प्रदर्शन भरतं. तिथे ट्रॅक्टर आणि बियाण्यांच्या मांडवांपेक्षा बायकांची गर्दी बचत गटांच्या मांडवात जास्त असते. तिथेच मला वाडेगावकडच्या एक मावशी भेटल्या. लिंबाचा बाजार म्हणून वाडेगाव प्रसिद्ध, मावशी मात्र सरगुंडे घेऊन बसलेल्या. मी एक नळी मोडून पाहिली, खटकन तुटली. बन्सीच होता. तेव्हापासून पुण्याची सगळी मागणी त्या आणि त्यांच्या गटातल्या बायका पुरवतात, मी फक्त वही सांभाळते.

मावशींना मोबाईलवर विकायला सांगणारे बरेच येतात. एकानं त्यांच्या मालाचे फोटो काढून नेले, दुकान उघडून देतो म्हणाला. पहिल्याच आठवड्यात मागणी आली, तीही पावसाळ्यात. माल चार दिवसांत पाठवा, नाहीतर दंड. मावशींनी त्याला विचारलं, "बावा, पावसात वाळवू कशावर, चुलीवर?" त्यांनी फोटो काढून टाकायला लावले. दर ठरवतानाही त्या मोबाईलकडे पाहत नाहीत. गव्हाचा भाव, दळण, आणि हातावर दोरी काढणाऱ्या बाईची त्या दिवशीची निंदणाची मजुरी, इतक्यात जे बसेल ते. पुण्याच्या पाकिटाच्या किमतीपुढे तो आकडा निम्मासुद्धा नाही, तरी लेकीची एक मैत्रीण घासाघीस करायला निघाली होती. तिचं नाव मी वहीतून खोडलं.

यंदाही विचारणा सुरू झाली आहे, म्हणून सांगून ठेवते. पहिली खेप फाल्गुनातल्या उन्हात पडते, शेवटची पाऊस यायच्या आत. सरगुंडे हवे असतील त्यांनी होळीच्या आत कळवावं. पाडव्यानंतर आलेलं नाव मावशी पुढच्या वर्षीच्या पानावर लिहायला लावतात.